लाल होण्याची वाट

थोरला मुलगा गेल्यावर त्याच्या बायकोने गॅरेजमधली त्याची जागा मागितली. सासरे लगेच नाही म्हणाले नाहीत. "एक वाकलेला आर्म सरळ करून दाखव. जमलं तर जागा तुझी. नाही जमलं, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

आर्म म्हणजे पिकअपचं चाक सांगाड्याला धरून ठेवणारा जाड हात. लोखंडी असेल तर तापवून सरळ करायचा, ही त्या गॅरेजची जुनी रीत. नवऱ्याबरोबर तिने असे कितीतरी केले होते. "आधी लोहचुंबक लावायचं," तो दर वेळी बजावायचा. "रंगावर जायचं नाही."

आज आर्म व्हाइसच्या पकडीत आधीच आवळून ठेवलेला होता, काळ्या रंगाने माखलेला. तिने भिंतीकडे पाहिलं. लोहचुंबकाचा खिळा रिकामा होता.

"भावजी, लोहचुंबक कुठंय?"

"असेल इथंच कुठंतरी," धाकटा दीर म्हणाला. "दादाला नुसत्या नजरेनं कळायचं, वहिनी. तुम्ही तर त्याच्याच तालमीतल्या."

सासरे खुर्चीत बसून चहावर फुंकर घालत होते. "करायचं तर कर. नाहीतर घरात ढीगभर कामं पडलीत."

तिने ज्योत पेटवली. रंग फोड येऊन सोलला गेला. खालचा धातू तिला जरा जास्तच उजळ वाटला. पण मागे दोघं बघत होते. आता थांबली असती तर तिथंच हरली असती. लाल झाल्याशिवाय हातोडा लावायचा नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. ती वाट बघत राहिली. लाली काही येईना. तिने ज्योत आणखी जवळ नेली.

आर्म एकाएकी मधोमध खचला आणि त्याचा अर्धा तुकडा तिच्या पायाशी पडला.

"अ‍ॅल्युमिनियम, वहिनी," दीर मायेनं समजावल्यासारखा म्हणाला. तुकड्याकडे दाखवणाऱ्या त्याच्या बोटाच्या नखात काळा रंग होता. "ते लाल होत नाही. न सांगताच खचतं."

"गिऱ्हाइकाच्या गाडीचा असता म्हणजे?" सासरे म्हणाले. "झालं समाधान?"

ते उठले. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी लोहचुंबक काढलं, तिच्या देखत खिळ्याला अडकवलं आणि हलत होतं ते बोटाने थांबवलं.

"जाता जाता कप तेवढा विसळून ठेव."