टिकटिकबाबा आणि शिशाची वीट

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पांढऱ्या कोटातला टिकटिकबाबा रुग्णाला टेबलाशी बसवून जाडजूड अंगठीचा हात त्याच्या छातीजवळ नेई. लगेच टेबलावरचं यंत्र टकटकू लागे आणि लोक हात जोडत.

"अवघं विश्व व्यापणारं कृष्णद्रव्य, डार्क मॅटर! शास्त्रज्ञ शोधून थकले, इथं ते माझ्या बोटांतून वाहतंय. मग गोळ्या हव्यात कशाला?"

समोरची टोपली औषधांनी भरली होती. याच टोपलीत दादानं इन्सुलिन टाकलं आणि सोळाव्या दिवशी तो गेला. आता आई हृदयाच्या गोळ्या मुठीत धरून रांगेत उभी होती.

"आई, दादा कशानं गेला?"

"त्याची श्रद्धा कमी पडली गं."

हे वाक्यही बाबानंच तिला दिलेलं. त्याची किंमत मी वसूल करणार होते.

खाणीच्या तळाशी आमची प्रयोगशाळा आहे. कृष्णद्रव्य शोधणाऱ्या यंत्राभोवती मी शिशाच्या विटा रचते. किरणोत्सर्ग शिशात अडतो. कृष्णद्रव्य आरपार जाईल, अशी अपेक्षा. अकरा वर्षांत खात्रीचा एकही ठोका मिळालेला नाही. तिथली एक जादा वीट मी मागून आणली होती.

आईच्या आधी मी टेबलाशी बसले. बाबानं अंगठीचा हात पुढे केला आणि यंत्र टकटकू लागलं.

"बाबा, कृष्णद्रव्य पृथ्वीच्याही आरपार जातं ना?"

"अशा सात पृथ्व्या असू देत, ताई!"

"मग ही वीट काय चीज आहे?"

मी ती त्याचा हात आणि यंत्र यांच्यामध्ये उभी केली. टकटक थांबली, मधूनच एखादा चुकार ठोका. वीट काढली, टकटक सुरू. ठेवली, पुन्हा बंद.

"तुमच्या लहरी दूषित आहेत!"

"लहरी असू देत. अंगठी उघडा."

"बाबा, द्रव्य संपलं की काय?" मागून कोणीतरी ओरडलं. हशा पिकला. एकजण खुर्ची उगारून धावला.

"मारू नका," मी म्हणाले. दया आली म्हणून नव्हे. ती अंगठी त्याच्याच हातानं उघडलेली मला पाहायची होती.

त्यानं उघडली. खड्याखाली गॅसबत्तीच्या जुन्या जाळीचा चुरा होता. त्यातल्या थोरियमचा किरणोत्सर्ग यंत्र मोजत होतं. बाबा सर्वांसमोर हुंदके देऊन रडला आणि मी ते डोळे भरून पाहिलं.

आईनं मात्र त्याच्याकडे पाहिलंच नाही. "ही वीट तेव्हा का नाही आणलीस?"

दादानं बाबाविषयी सांगितलं, तेव्हा मी नुसती हसले होते.

म्हणून विनवते: घरचं माणूस अशा रांगेत उभं राहिलं, तर त्याला हसू नका. त्याच दिवशी त्याच्याबरोबर जा, आणि चारचौघांत प्रश्न विचारा.