व्हर्जन ठरेपर्यंत

खिडकीजवळच्या टेबलावर पोट सुटलेला, पिवळट पडलेला खोका दिसतोय ना, तो मी. जुना कॉम्प्युटर. दचकू नका, चालू व्हायला मला जरा वेळ लागतो, पण एकदा झालो की मी गप्प बसणाऱ्यातला नाही.

माझा जन्म कारखान्यातला, त्यातलं काही आठवत नाही. आठवतं ते वकिलाचं ऑफिस. तिथल्या टायपिस्टबाईंनी मला कामाला लावलं. माझ्या पोटात तेव्हा एकच वर्ड प्रोसेसर होता, व्हर्जन तीन. तो चांगला की वाईट, हे बाईंना कुणी विचारलं नाही आणि बाईंनी मला विचारलं नाही. भाडेकरार, मृत्युपत्रं, घटस्फोट, सगळं त्याच्यातूनच निघालं. माणसं जमिनीवरून भांडली, दागिन्यांवरून भांडली, पण टाईप कशात केलंय यावरून कुणी कोर्टात गेलेलं मी पाहिलं नाही.

मग नवे कॉम्प्युटर आले आणि माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. माझ्यावर आधी फायली चढल्या, मग बिघडलेला पंखा, मग एक खुर्ची, तीही तीन पायांची. गरज सरो, वैद्य मरो! शेवटी मी भंगारवाल्याच्या दारात येऊन पडलो, आणि तिथून मला सध्याच्या मालकानं उचललं.

हा गृहस्थ पाणीपुरवठा खात्यातून नुकताच निवृत्त झालेला. घरात त्याची बायको आणि त्याची आत्या. आई लवकर गेली म्हणून आत्यानंच त्याला लहानाचा मोठा केला. ती त्याला अजून बाळ्या म्हणते, म्हणून मीही बाळ्याच म्हणतो. केस पांढरे झाले म्हणून काय झालं?

आत्याचा जन्म गेला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. कानाला हेडफोन लावायचा, या भोकातली पिन त्या भोकात खुपसायची आणि माणसाला माणूस जोडून द्यायचा. गावातली लग्नं, भांडणं, निरोप, सगळं तिच्या कानावरून गेलेलं. एवढं साठवून ठेवलेली बाई, आणि डॉक्टरांनी सांगितलं की घशात गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. महिन्याभरात ऑपरेशन. जीव वाचेल, आवाज राहणार नाही.

तेव्हा आत्या म्हणाली, "बाळ्या, बोलता येतंय तोवर मी सांगते. तू लिहून घे."

साधी गोष्ट होती हो. कागद-पेन घेऊन बसला असता तरी चाललं असतं. पण बाळ्यानं कुठंतरी वाचलं होतं की नव्या मशीनवर लक्ष उडतं, खरं लेखन जुन्या कॉम्प्युटरवरच होतं. म्हणून मी आलो. त्यानं मला दात घासायच्या ब्रशनं कानाकोपऱ्यातून स्वच्छ केलं. ब्रश बायकोचा होता, हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं.

पहिल्या दुपारी सगळं छान जुळून आलं. टायपिस्टबाईंचं व्हर्जन तीन माझ्यात होतंच. आत्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि सांगू लागली.

"पहिल्याच दिवशी माझ्या हातून चूक झाली. एकाची बायको रुसून माहेरी गेलेली. त्यानं तिच्या माहेरचा नंबर मागितला, आणि मी घरी जोडायच्या ऐवजी सासऱ्याच्या दुकानात जोडून दिला. पलीकडून फोन उचलल्याबरोबर गडी सुटलाच. माझं चुकलं म्हणाला, घर खायला उठतं म्हणाला, लाडके म्हणाला. सासरा मुकाट्यानं सगळं ऐकून घेत होता. मग सासरा म्हणाला..."

"थांब आत्या," बाळ्या म्हणाला. "ह्या तीनमध्ये शब्द किती झाले ते कळत नाही. हे काही खरं नाही."

आता मला सांगा, वाक्य असं अर्ध्यावर तोडतात का? सासरा काय म्हणाला हे ऐकायला मी कधीचा टपून बसलो होतो. पण बाळ्यानं उठून मित्रांना फोन लावला.

मित्र दोघे. एक औषधाच्या दुकानाचे मालक, त्यांना सगळे औषधवाले म्हणत. दुसरे छापखान्यातून निवृत्त झालेले प्रूफवाले. दोघांनाही जुन्या कॉम्प्युटरचा नाद. औषधवाल्यांचं म्हणणं, व्हर्जन चारसारखं हलकंफुलकं दुसरं नाही, एका डिस्कमध्ये मावतं. प्रूफवाले म्हणत, चार म्हणजे पोरखेळ, खरं शहाण्याचं व्हर्जन पाच. आयुष्यात दोघांनी मिळून चार पानं लिहिली नसतील. पण बोलायला लागले की वाटावं, ह्यांच्या पुस्तकांनी कपाटं वाकलीत.

बाळ्यानं ठरवलं की परीक्षा घ्यायची. प्रत्येक व्हर्जनमध्ये तोच मजकूर, त्याच वेगानं, आत्याच्या तोंडून ऐकून टाईप करायचा, म्हणजे तुलना न्याय्य होईल. बिचारी आत्या पुन्हा बसली. पुन्हा तो नवरा, पुन्हा ते दुकान, पुन्हा लाडके. चारमध्ये वेलांट्या अक्षराला सोडून एकट्याच पुढं पळत होत्या. सासरा बोलायच्या आधीच बाळ्यानं हात वर केला.

मग पाच. पाचमध्ये वेलांट्या जागच्या जागी, पण मला धाप लागायची. आत्याचं वाक्य संपून ती पाणी पिऊन यायची, तेव्हा कुठं माझ्या पडद्यावर पहिला शब्द उगवायचा. पुन्हा परीक्षा थांबली. प्रूफवाले म्हणाले, दोष व्हर्जनचा नाही, मशीनचा. म्हणजे माझा. नाचता येईना अंगण वाकडं! मी काय बोलणार, मला एक बीप तेवढी येते. ती मी दिली.

असं ते गुऱ्हाळ चालूच राहिलं. चारमध्ये दुसरे फाँट घालून बघ, पाचची मेमरी वाढवून बघ, आणि दर वेळी आत्याला बोलवून आण. मी तिचा आवाज रोज ऐकत होतो. आधी तो खणखणीत होता. मग घोगरा झाला. मग "लाडके" म्हणताना मधेच तुटायला लागला. मला फार वाईट वाटायचं. माझ्या पोटात चाचणीच्या फायलींचा ढीग, प्रत्येक फायलीत तोच सासरा रिसीव्हर कानाला लावून उभा, आणि कुणी त्याला तोंड उघडू देईना.

बाळ्याच्या बायकोनं एकदा सरळ सांगितलं की मोबाईल समोर ठेवा आणि रेकॉर्ड करा. बाळ्या म्हणाला, असं साहित्य होत नसतं. आणि आत्याही नको म्हणाली.

"अगं, यंत्रात बोलणाऱ्यांचं ऐकण्यातच जन्म गेला माझा. आता मला समोर माणूस पाहिजे. मधेच 'मग?' म्हणणारा."

हे बाळ्यानं ऐकलं असेल का? तो तेव्हा प्रूफवाल्यांनी आणलेल्या व्हर्जन सहाच्या डिस्का पुसत होता.

ऑपरेशनला निघायची सकाळ आली. आत्या पिशवी हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. आवाज जेमतेम उरला होता.

"बाळ्या, सासऱ्याचं तेवढं राहिलंय. घेतोस लिहून?"

"आत्या, सहा बसतंय गं. मधे थांबवलं तर पहिल्यापासून करावं लागेल. आल्यावर निवांत बसू."

बोलून गेला, आणि मग आपण काय बोललो ते त्याला कळलं. आधी चेहरा उतरला, मग कान लाल झाले. पण तोवर आत्या चपला घालून दाराबाहेर गेली होती. तो तिच्यामागं धावला. वरातीमागून घोडं. मी एकटाच कुरकुरत सहा बसवत राहिलो. शेवटी माझ्या पडद्यावर अक्षरं आली : यशस्वी. स्वतःच्याच पडद्याची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

ऑपरेशन चांगलं झालं. आत्या वाचली. दवाखान्यातून एकदा बाळ्या अंघोळीला घरी आला, तो ओल्या केसांनीच माझ्यासमोर बसला आणि सहा पुसलं, पाच पुसलं, चार पुसलं. तीन पुसायला गेला तेव्हा फाईल उघडली आणि त्याचा हात थांबला. बराच वेळ तो त्या अर्ध्या वाक्याकडं बघत रडला. मग माझ्यावर चादर टाकून निघून गेला.

आत्या घरी आली ती गळ्याला पट्टी बांधून. हवं-नको पाटीवर लिहून दाखवायची. बाळ्या तिची औषधं, पेज, उशी सगळं बघायचा, पण माझ्या खोलीत पाऊल टाकायचा नाही.

एका सकाळी माझ्यावरची चादर सरकली. पाहतो तर आत्या! तिनं बटण दाबलं, मी खडखडत जागा झालो. तिनं फाईल उघडली, चष्मा सारखा केला, आणि एका बोटानं एकेक अक्षर शोधत सुरुवात केली. जन्मभर पिना खुपसलेलं बोट ते, चुकलं तरी बिचकत नव्हतं.

खडखड ऐकून बाळ्या दारात आला.

"आत्या, अगं हे तीन आहे. ह्यात..."

वाक्य तिथंच सोडून तो खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला. तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. औषधवाले ओरडत होते, मला इथपर्यंत ऐकू आलं, की व्हर्जन सात मिळालंय, घेऊन येतो. बाळ्यानं मोबाईल बंद केला आणि माझ्या पडद्याकडं बघत बसला. अक्षर अक्षर जुळून सासरा अखेर बोलला.

"मग सासरा म्हणाला, जावईबापू, छान बोललात. थांबा, मुलीला बोलावून आणतो. तिला हेच सांगा. आणखी चांगलं करत बसू नका."

बाळ्यानं ते वाचलं. पुन्हा वाचलं. डोळे पुसले.

"मग?" त्यानं विचारलं.

आत्या हसली. तिच्या हसण्यालाही आता आवाज नाही. पण बोट लगेच माझ्या कळांवर आलं.

तेव्हापासून रोज सकाळी आमचं हेच चालतं. माझा पडदा मिणमिणतो, दोन कळा दोनदा दाबाव्या लागतात, तीनमध्ये शब्द किती झाले ते अजूनही कळत नाही. कुणी विचारतही नाही. मी किती टिकेन सांगता येत नाही, पण आत्याचं सांगून होईपर्यंत दम धरायचा असं मी मनाशी ठरवलंय. तुम्हाला एवढंच विनवतो : घरात कुणी काही सांगायला बसलं असेल, तर आम्हा यंत्रांना खुशाल बंद करा, त्यांच्याजवळ खुर्ची ओढा, आणि विचारा, मग?