झाकणाखालची मूस

मी एक जुनी मूस आहे. चिनी मातीची, वाटीची धाकटी बहीण शोभावी एवढी. आता थकले आहे. नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे.

मित्रांनो, मी शाळेच्या प्रयोगशाळेत आले तेव्हा शुभ्र होते. मग आगीशीच संसार मांडला. माझ्यात मॅग्नेशियमची फीत जाळायची आणि जाळण्याआधी व नंतर वजन करायचं. वाढलेलं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं. दोघांची वजनं आपापल्या अणुवस्तुमानाने भागली, की किती अणूंना किती अणू ते कळतं. पण मुलं पुस्तकातलं 'एकास एक' पाठ करूनच येत आणि वजनं मागाहून जुळवत. मग मी तापले कशासाठी? त्यात कुणीतरी मला गरमच नळाखाली धरलं. चीर गेली ती तेव्हा.

एका वर्गात एक मुलगी होती. सगळे तिला गोगलगाय म्हणत. धूर निसटून वजन घटेल या भीतीने तिने माझं झाकण उचललंच नाही. फीत १.२ ग्रॅम, जळल्यावर १.८. तिने भागाकार करून लिहिलं, चारास तीन.

"बाई, गोगलगायीने नवा पदार्थ शोधला!" शेजारीण खिदळली. मग हळूच म्हणाली, "अगं, माझे आकडे उतरव आणि मोकळी हो."

"नको. माझ्या मुशीत आलं तेच लिहीन."

बाई जवळ आल्या. "झाकण घट्ट ठेवलंस तर आत हवा कशी जाणार, बये? अधूनमधून किंचित उचल. वजन वाढायचं थांबेपर्यंत तापव. पण मूस चिरलेली आहे. फुटली, तर चारास तीनवरच गुण मिळतील हं."

पुन्हा आग! माझा जीव मेटाकुटीला आला होता. तिने चिमट्याने झाकण जरासं उचललं, मिटलं. तापवलं, निवू दिलं, तोललं. १.९. पुन्हा तापवलं. २.०. आणखी एकदा, तरी दोनच.

म्हणजे ऑक्सिजन ०.८. मॅग्नेशियमच्या चोवीसने १.२ भागले, ऑक्सिजनच्या सोळाने ०.८. दोन्हीकडे ०.०५.

"एकास एक," ती पुटपुटली.

"मी मघापासून तेच सांगत होते!" शेजारीण म्हणाली.

"तू सांगत होतीस," बाई म्हणाल्या, "हिने मुशीला विचारलं."

घंटा झाली. मी पुरती निवेपर्यंत ती थांबली, मगच तिने मला धुतलं.

आता मी खिडकीत खडूचे तुकडे सांभाळते. झाकण दुसऱ्या मुशीकडे गेलं. मित्रांनो, तापलेल्याला आधी निवू द्या. आणि उत्तर माहीत असलं, तरी एकदा आम्हाला विचारा. आम्ही जळतो ते त्यासाठीच.