दोन ड्रम पाणी

उन्हाळ्यात आमच्या गावात कुणी कुणाला घागरभर पाणी देत नाही. म्हणून सकाळीच बागायतदार तातेरावनं ट्रॅक्टरवरून दोन ड्रम पाणी आमच्या दारात उतरवलं, तेव्हा माझी सून तुळजाबाई गहिवरली.

"पोरीला न्हाऊ घाला, काकू," तो तिला म्हणाला. "कपडे धुऊन टाका. झालं ते झालं."

त्याच्याच पुतण्यानं आदल्या संध्याकाळी माझ्या नातीला, आकांक्षाला, मोसंबीच्या बागेत ओढलं होतं. मंठ्याहून कामावरून परतत होती ती.

तुळजाबाईनं चुलीवर हंडा चढवला. आकांक्षा म्हणाली, "आजी, मला न्हायचंय. अंगाची किळस येऊन राह्यली."

मी ड्रमाकडे बघत होते. बाहत्तरच्या दुष्काळात असंच पाणी आलं होतं, माझ्या नणंदेसाठी, आसरासाठी. तेव्हा बैलगाडीवर पिंप होतं आणि पाठवणारा तातेरावचा बाप. बायांनी त्याला दुवा देत आसराला न्हाऊ घातलं, लुगडं धुतलं. पुढं कोर्टात आसराला ओढणारा त्याचा धाकटा भाऊ सुटला. पुरावाच नव्हता.

मी काठीनं हंडा कलंडवला. चूल विझली.

"अवो आत्याबाई, एवढं पाणी!"

"त्याच्या पुतण्याचे हात धुवायला आलंय ते!" मी तातेरावकडे वळले. "मागल्या उन्हाळ्यात प्यायला मागितलं तर हापशाकडं बोट दाखवलंस. आज न्हायला आणलंस व्हय रे?"

तो गेला. मी आकांक्षाजवळ बसले. "बाई, आत्ता न्हाऊ नको. त्याच्या पुतण्याची खूण तुझ्याच अंगावर हाय."

तिनं ड्रमाकडं पाहिलं. "मंग चल, जल्दी."

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी मानसुद्धा वर केली नाही. "आधी ठाण्याचं पत्र आणा. तोवर घरी जा, आंघोळ करून फ्रेश होऊन या."

इथंही आंघोळच! मी काठी आपटली, पण आधी आकांक्षाच बोलली.

"मॅडम, पत्र नसलं तरी तपासावं लागतंय. मी न्हाणार न्हाई. ह्याच कपड्यात तुमच्या दारात बसते. येणारा-जाणारा इचारील, त्याला सांगते."

ती उंबऱ्यातच बसली. बाहेरच्या बाया गोळा झाल्या. डॉक्टरबाईंनी हातमोजे मागवले.

तपासणी झाली. कपडे कागदात बांधून मोहोरबंद झाले. मगच आम्ही ठाण्यात गेलो.

संध्याकाळी मी हापशाचं पाणी आणून तापवलं. न्हाणीत तांब्यावर तांब्या ओतल्याचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला. तुळजाबाईनं विचारलं, "त्या ड्रमांचं काय करायचं?"

"म्हशी धुवा," मी म्हणाले. "आन् रिकामे ड्रम त्याच्या दारात लोळवत न्या. गावाला आवाज ऐकू जाऊ द्या."