अजून चरबी हाय

राहू गावच्या ज्ञानदेवानं शिरूरच्या शरीरसौष्ठव स्पर्धेसाठी दोन महिने भाकरी सोडली होती. तालमीतल्या हौसराव वस्तादांनी बजावलं होतं, "तिथं ताकद न्हाई बघत. अंगावरची शीर न् शीर दिसली पायजे." म्हणून तो पहाटे पाचशे जोर मारायचा आणि उकडलेली अंडी बिनमिठाची खायचा. शेवटचे दोन दिवस तर पाणीही घोटभरच घेतलं.

बायको ललिता हे सगळं बघत होती. त्याचे दंड दगडासारखे झाले, पण गाल आत गेले आणि बसल्या जागी पायात गोळे येऊ लागले.

स्पर्धेत त्याचा पहिला नंबर आला. गावानं गुलाल उधळला. ललितानं हौसेनं मटण रांधलं आणि ताट पुढं ठेवलं.

"आता पोटभर जेवा. झालं न्हवं सगळं?"

त्यानं पोटाची कातडी चिमटीत धरली. कागदासारखी पातळ होती ती.

"हे बघ, अजून चरबी हाय," म्हणत त्यानं ताट बाजूला सारलं.

ललिताला आधी थट्टाच वाटली. मग तो भिंतीला धरून उठला, अंगणात गेला आणि जोर मारू लागला. तिनं ताट तसंच टाकलं आणि धावत जाऊन सासऱ्यांना हाक मारली.