मुहूर्ताचे सहा दिवस

“दोन तारीख नाही जमत. महाराजानं पंचांग पाहून आठ सांगतली,” ललितभाऊंनी पासपोर्ट टेबलावर ठेवले. “व्हिसाच्या तारखा चालतील न?”

मी लॅपटॉपवरून नजर वर केली नाही. माझी चिमी शेजारी चित्र रंगवत बसली होती, तिचा उजवा कान माझ्याकडे येईल अशी.

ललितभाऊ माझे मोठे दीर. अंजनगाव सुर्जीहून लंडनपर्यंत स्वतःच्या गाडीनं जाणार, हे त्यांनी गावभर करून ठेवलं होतं. नेपाळ, चीन, किरगिझस्तान, उझबेकिस्तान, तुर्कमेनिस्तान, इराण आणि पुढे. लग्नाआधी मी अमरावतीला व्हिसाचे फॉर्म भरून देणाऱ्या ऑफिसात होते, म्हणून चार महिने हे काम माझ्या अकोल्याच्या घरी चाललं होतं. ते सह्या करत, वाचत नसत.

तारखांचा तक्ता माझ्यासमोरच होता. चीनची एजन्सी सोबत येणाऱ्या गाईडची तारीख सरकवून देणार होती. उझबेकिस्तानचा व्हिसा महिन्याचा, तोही चालला असता. अडत होतं एकाच जागी. तुर्कमेनिस्तानातून पार व्हायला पाच दिवस मिळाले होते आणि ते पाचही दिवस व्हिसावर छापलेले होते. आठला निघालं तर गाडी तिथल्या सीमेच्या नाक्यावर पोचायच्या आतच ते संपणार. पुन्हा अर्ज केला असता तर तारीख कदाचित बदलून मिळाली असती. वेळ होता.

तीन वर्षांपूर्वी हीच गाडी अंजनगावच्या अंगणात नवी कोरी उभी होती. आठ महिन्यांच्या चिमीला ताप चढलेला, झटके येत होते. किशोर, माझा नवरा, अकोल्याला कामावर. मी किल्ली मागितली.

“पूजा उद्या सकाळी हाय,” ललितभाऊ म्हणाले होते. “पूजेबिगर नवी गाडी दवाखान्याच्या रस्त्याले नाही लावत.”

सासूबाईंनी मान डोलावली. मोठी जाऊ, पौर्णिमाताई, तेवढी चपला घालून माझ्यासोबत निघाली. परतवाड्याला बस बदलली, अमरावतीला पोचेपर्यंत दिवस मावळला. मेंदूचा ताप होता. चिमी वाचली, डावा कान गेला. “दोन तास आधी आणली असती तर,” एवढंच म्हणून डॉक्टर थांबले. त्यांचं पुढचं वाक्य मी तीन वर्षं रोज मनात पुरं करते.

“मुहूर्त मोडू नका, भाऊ,” मी म्हटलं. “तारखा चालतील.”

पौर्णिमाताईही जाणार होती. तेव्हा ते लक्षात आलं नाही असं मी म्हणू शकत नाही. तिचाच पासपोर्ट सगळ्यात वर होता. शेगावपलीकडे कधी न गेलेली बाई. “तिकडं तुरीची डाळ भेटते का वं?” असं रोज फोन करून विचारायची.

आठला नारळ फुटला आणि ते निघाले. फोनमधल्या नकाशावर त्यांचा ठिपका मी रोज पाहायचे. नेपाळ, चीन, बर्फाचे फोटो, ताईच्या डोक्याला लोकरी टोपी. ठिपका नाक्याकडे सरकू लागला तसं मला जेवण गोड लागायला लागलं.

फोन दुपारी आला. पौर्णिमाताई होती. सगळा रस्ता बरा झाला, इथं मात्र शिपायानं व्हिसा पाहून पासपोर्ट परत दिले, वाळवंटात दुसरी वाट नाही, असं तिनं सांगितलं. मागून ललितभाऊ ओरडत होते, “तिले विचार, कावून असं झालं!”

ती थोडी लांब गेली असावी. आवाज बारीक झाला.

“साधने, तुले मालूम होतं?”

“हो, ताई.”

“चिमीसाठी?”

“हो.”

हाच क्षण मी महिनाभर मनात घोळवला होता. त्यात तिचा आवाज कुठंच नव्हता.

“मंग मले तरी सांगायचं होतं वं,” ती म्हणाली. “मी आलीच नसती.”

मग तिनं आवाज चढवला, तो माझ्यासाठी नव्हता.

“आवो, साधना म्हणते चूक व्हिसा देणाऱ्यायची हाय. तिले काय मालूम? या, जेवून घ्या.”

फोन बंद करायचं ती विसरली होती. डब्याचं झाकण उघडलं, ताटली ठेवल्याचा आवाज आला. ती त्यांना वाढत होती.