पोट दाखवा, तोंड नको

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. काळ्या पत्र्याची, जेवणाच्या डब्याएवढी. माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही आणि अलीकडे मला तेच बरं वाटतं. शरमेनं तोंड लपवावं म्हटलं, तर मला मुळात तोंडच नाही.

माझ्या पाठीवर चार भोकं आहेत. त्यांत कॅमेऱ्यांच्या वायरी खोचतात. कॅमेऱ्याचं चित्र माझ्या पोटातून वाहत जातं आणि पुढच्या दोन वाटांनी बाहेर पडतं. कोणतं चित्र कोणत्या वाटेला लावायचं, हे मी ठरवत नाही. ते मला संगणकातली ऑपरेटिंग सिस्टीम सांगते आणि तिला माणूस सांगतो. मी आपली हुकमाची ताबेदार. पण ताबेदाराला लाज नसते, असं थोडंच आहे?

वाळूजच्या एका शेडमध्ये मी तयार झाले. साळूबाई नावाच्या बाईंनी माझ्या भोकांवर पांढऱ्या रंगात एक, दोन, तीन, चार असे आकडे छापले आणि फुंकर घालून वाळवले. काय रुबाब आला होता मला! तिथून माझी रवानगी गारखेड्यात झाली. पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर मंजुषाताईंचं छोटं ऑफिस होतं. दिवसभर खालून घरघर यायची आणि टेबलावर पिठाचा पातळ थर बसायचा. ऑपरेटिंग सिस्टीमला माझी ओळख करून देणारा प्रोग्रॅम त्यांनीच लिहिला. माझ्या वाटा कशा जोडायच्या, कशा तोडायच्या, हे सगळं त्यांच्या डोक्यातून आलं. त्या हुशार होत्या, उगाच नाही कशाला म्हणू?

मग माहितीपुस्तिका लिहायची वेळ आली. सोबत काम करणाऱ्या विश्वजीतनं विचारलं, "ताई, भोकांचे नंबर एकपासून लिहू की शून्यापासून?"

"शून्यापासून. सिस्टीम तशीच मोजते ना. सगळ्यांना माहीत असतं ते."

सगळ्यांना म्हणजे त्या खोलीतल्या दोघांना. साळूबाईंच्या आकड्यांकडे कुणी पाहिलं नाही, कारण माझी पुढची बाजू त्या दोघांकडे होती आणि आकडे माझ्या पाठीवर होते. पुस्तिकेत माझं पहिलं भोक शून्य झालं, दुसरं झालं एक. पुस्तिका छापून आली तेव्हा पेढे वाटले गेले. मलाही एक पेढा दाखवला. मी खूश झाले होते, हे आठवलं की आज अंगावर काटा येतो.

पुढे पडेगावकडच्या, डॉक्टरकी शिकवणाऱ्या एका दवाखान्यात मी कामाला लागले. ऑपरेशनच्या खोलीत एका फळीवर माझी जागा होती. पहिल्या वेळी मंजुषाताईंनी स्वतः येऊन वाटा जोडून दिल्या, त्यामुळे कुणाला पुस्तिका उघडावी लागली नाही. एका भोकात पोटाच्या आत जाणाऱ्या दुर्बिणीची वायर. ते चित्र खालच्या हॉलमध्ये बसलेल्या विद्यार्थ्यांना मोठ्या पडद्यावर दिसायचं. शेजारच्या भोकात रुग्णाच्या डोक्याकडच्या कॅमेऱ्याची वायर. ते चित्र फक्त त्याच खोलीत कोपऱ्यात यंत्रांपाशी बसलेल्या भूलतज्ज्ञ बाईंसाठी. कितीतरी मुलं माझ्यामुळे शिकली. "जुनी आहे, पण दणकट आहे," असं माझं कौतुक व्हायचं. मी फुगले होते, खोटं कशाला बोलू?

गेल्या उन्हाळ्यात दवाखान्यातला संगणक बदलला. नव्या संगणकाला माझ्या वाटांची काहीच माहिती नव्हती. त्याच आठवड्यात फुलंब्रीजवळच्या एका खेड्यातून कडुबा नावाचे गृहस्थ ऑपरेशनला आले.

कडुबा म्हणजे गावच्या जत्रेत देवळापुढचा गोटा खांद्यावर घेणारा गडी. तो गोटा पंचक्रोशीत दुसरं कुणी उचलत नाही. उचलता उचलता त्यांना अंतर्गळ झाला. जांघेत आतडं उतरलं. आता ज्याच्या ताकदीची शपथ घेतात, त्यानं आपलं आतडं उतरल्याचं सांगावं कुणाला? झाकली मूठ सव्वा लाखाची. बियाणं आणायला शहरात जातो, असं गावात सांगून ते आले होते. त्यांच्या बायकोखेरीज कुणाला पत्ता नव्हता.

ऑपरेशन विद्यार्थ्यांना दाखवायला त्यांनी होकार दिला होता. भूल देण्याआधी त्यांनी तंत्रज्ञ अतुलला जवळ बोलावलं.

"पोरा, आमच्या गावचा एक जण इथंच शिकतो म्हणं. पोट दाखवा, काय दाखवायचं ते दाखवा. पोरं शिकू द्या. पण तोंड नको. तेवढं सांभाळ."

"काका, निर्धास्त राहा. तोंड बाहेर जाणार नाही," अतुल म्हणाला.

तो मनापासून म्हणाला होता. त्यानं पुस्तिका उघडून हुकूम लिहायची रीत तेवढी पाहिली, माझी पाठ स्वतःकडे वळवली आणि भोकांचे आकडे पाठीवरूनच वाचले. दुर्बिणीची वायर जिथं होती, तिथं साळूबाईंचा एक होता. म्हणून त्यानं संगणकात लिहिलं, एक नंबर हॉलला. कॅमेऱ्याची वायर दोनवर होती. त्यानं लिहिलं, दोन नंबर भूलतज्ज्ञ बाईंना. त्याचं काय चुकलं, सांगा? पण सिस्टीमच्या मोजणीत एक म्हणजे दुसरं भोक आणि दोन म्हणजे तिसरं, जे रिकामं होतं.

मला हुकूम झाला आणि मी तो पाळला. मी कडुबांचं तोंड हॉलमध्ये पाठवलं.

भूलतज्ज्ञ बाईंचा पडदा काळा राहिला. बाई उठून रुग्णाजवळ येऊन उभ्या राहिल्या आणि अतुल वायर ढिली आहे असं समजून ती हलवत बसला. खाली काय दिसतंय, हे त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं. चित्र माझ्याच पोटातून जात होतं. डोळे चिकटपट्टीनं मिटलेले, तोंडात नळी, जीभ एका बाजूला. गोटा उचलणाऱ्या माणसाचं ते तोंड मी भिंतीएवढं करून दाखवत होते. ओरडता आलं असतं, तर मी पत्रा फाटेस्तोवर ओरडले असते.

खालून, हॉलमध्ये शिकवणाऱ्या सरांचा फोन आला. अतुलनं घाबरून माझ्या सगळ्या वायरी उपटल्या. डॉक्टरांचा स्वतःचा पडदा माझ्याशी जोडलेला नव्हता, म्हणून ऑपरेशन नीट पार पडलं, पण हॉलचा पडदा शेवटपर्यंत अंधारात राहिला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यानं मंजुषाताईंना बोलावून घेतलं. अतुल मला काखेत मारून त्यांच्यासोबत कडुबांच्या खाटेजवळ आला. मला स्टुलावर ठेवलं. उशाशी त्यांची बायको मनकर्णाबाई बसली होती.

"काका, चूक झाली," अतुल म्हणाला. "तुमचं तोंड हॉलमध्ये दिसलं. ही पेटी जुनी झालीय, बिघडली असंल."

मनकर्णाबाईनं पदर तोंडाला लावला. कडुबा छताकडे बघत राहिले.

मंजुषाताईंनी पुस्तिका आणि माझी पाठ दोन्ही पाहिली होती. त्यांना सगळं कळलं होतं. नुसतं गप्प बसलं, तरी सगळा दोष माझ्या पत्र्यावर जाऊन मिटणार होता. त्यांनी पुस्तिका माझ्या शेजारी स्टुलावर ठेवली.

"पेटी बिघडलेली नाही," त्या म्हणाल्या. "अतुलचीही चूक नाही. पेटीवर एक लिहिलंय, त्याला मी पुस्तकात शून्य म्हटलं. वाचणारा पेटीकडे बघून वाचेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. काका, तुमची अब्रू माझ्यामुळे गेली."

कडुबांना शून्यबिन्य काही कळलं नसावं. ते काही बोलणार, तोच दारात एक मुलगा येऊन उभा राहिला. पांढरा कोट, मान खाली. तो सार्थक, त्यांच्याच आळीतला, डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला शिकणारा. जे व्हायला नको होतं, ते झालं होतं.

"काका," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मी काय बी पाहिलं नाय."

"खोटं नको बोलू."

"तुमचं तोंड दिसलं अन् मी मान खाली घातली. पोरं हसली. मला बंद करा म्हणून ओरडाया पाहिजे व्हतं. माझ्या तोंडातून शब्द निघला नाय. मी खालीच बघत बसलो, पार शेवटपर्यंत." त्याला रडू आवरेना.

खोलीत सगळ्यांच्याच माना खाली होत्या. अतुलची, मंजुषाताईंची, मनकर्णाबाईची. मला मान असती, तर तीही गेली असती.

"आरं, माझं तोंड तर तू लहानपणापासून बघतोस," कडुबा म्हणाले. "त्याचं काय एवढं? पोट पाहिलं का?"

"नाय काका. पडदाच बंद झाला."

"कुणीच नाय पाहिलं?"

"कुणीच नाय."

आता कुठं त्या माणसाचा चेहरा पडला. "मंग मी पडद्यावर जायला व्हय कशाला म्हणलो? पोरं शिकतील म्हणूनच ना? अब्रू गेली ती गेली, अन् कुणी शिकलं बी नाय!"

अब्रू गेली तरी जे डोळे कोरडे होते, ते आता भरून आले. मित्रांनो, तोंड दाखवलं याची शरम मला होतीच. पण पोट दाखवलं नाही, ही माझी खरी नामुष्की होती आणि ती मला त्या क्षणापर्यंत कळलीही नव्हती.

कडुबांनी पांघरूण बाजूला सारलं आणि सदरा वर केला. "ये इकडं. हात धुतला का? मंग बघ. इथं टाका हाय, इथं बी हाय. इथं दाबलं की दुखतंय, इथं नाय. नीट लिहून घे, अन् वर्गात सगळ्यांना सांग."

"नाव सांगू का तुमचं?"

"वर्गात सांग. गावात मात्र बियाणंच आणाया गेलो व्हतो, काय?"

मनकर्णाबाई पदराआड हसली. सार्थकनं खिशातून पेन काढलं. मंजुषाताईंनी त्याच्याकडून एक कोरा कागद मागून घेतला, मला उलटं वळवलं आणि माझ्या पाठीकडे बघत, साळूबाईंच्या आकड्यांवर एकेक बोट ठेवत, पुस्तिका पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायला घेतली.

आता नव्या पुस्तिकेत आणि प्रोग्रॅममध्येही माझं पहिलं भोक एक नंबरचंच आहे, आणि कुणी सांगितल्याशिवाय माझी एकही वाट उघडत नाही. मला मात्र दवाखान्यानं कपाटात ठेवून दिलं. तक्रार नाही.

फक्त एक विनंती आहे, मित्रांनो. उद्या तुम्ही यंत्रं बनवाल, त्यांच्या पुस्तिका लिहाल. लिहिताना एकदा उठून यंत्राच्या मागच्या बाजूला जा. तिथं अतुल वाकून उभा असतो आणि त्याच्या पलीकडे खाटेवर कुणीतरी डोळे मिटून, विश्वासानं झोपलेलं असतं. ते म्हणून गेलेलं असतं, तोंड नको, पोट दाखवा. त्याचं पोट तेवढं नीट दाखवा. मला ते जमलं नाही.